पडताळणीचे माप एकच असावे

सूरह हुजुरातची सहावी आयत आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. एखादा फासिक, म्हणजे अवज्ञाकारी आणि बेभरवशाचा मनुष्य, बातमी घेऊन आला तर तिची नीट छाननी करा, असा आदेश अल्लाह तआलाने या आयतीत श्रद्धावंतांना दिला आहे. त्यामागचे कारणही तेथेच सांगितले आहे. अजाणतेपणी एखाद्या समूहाला आपल्या हातून इजा होऊ नये आणि मागाहून पश्चात्ताप करण्याची पाळी येऊ नये, हे ते कारण. छाननीसाठी आयतीत जो आदेश आला आहे, त्याला 'तबय्युन' म्हणतात. जुम्याच्या प्रवचनाला आपण 'बयान' म्हणतो, तो शब्द आणि हा शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. स्पष्ट करून सांगणे म्हणजे बयान, आणि सांगितलेले आपल्यापुरते स्पष्ट करून घेणे म्हणजे तबय्युन. पहिले काम बोलणाऱ्याचे, दुसरे ऐकणाऱ्याचे.

या आयतीच्या अवतरणाचा प्रसंग बहुतेक मुफस्सिरांनी नोंदविला आहे. बनू मुस्तलिक या कबिल्याकडे जकात आणण्यासाठी एका दूताला पाठविण्यात आले. कबिल्याचे लोक स्वागतासाठी बाहेर पडले होते. दूताला वाटले की ते हल्ला करण्यास येत आहेत. तो वाटेतूनच परतला आणि त्याने सांगितले की, कबिल्याने जकात नाकारली असून माझ्या जिवावर उठले आहेत. मदीनेत संतापाचे वातावरण झाले, लष्करी कारवाईची गोष्ट निघाली. चौकशीअंती कबिला आपल्या श्रद्धेवर ठाम असल्याचे निष्पन्न झाले. छाननी झाली नसती तर श्रद्धावंतांच्याच हातून निरपराधांचे रक्त सांडले असते.

या आयतीतील दोन गोष्टींकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की, फासिकाची बातमी फेकून द्या असे येथे सांगितलेले नाही; तपासा असे सांगितले आहे. अविश्वसनीय माणूसही कधी खरे बोलतो. दुसरी अशी की, हा आदेश बातमी आणणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला आहे. खोटे बोलणाऱ्याचे पाप त्याच्या माथी आहेच; पण न तपासता मान डोलावणाऱ्याला त्यामुळे सूट मिळत नाही.

या दोन गोष्टींचा अर्थ मला एका प्रसंगाने समजला. तो प्रसंग माझ्या चुकीचा आहे.

एका चित्रफितीची गोष्ट

2024च्या लोकसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचे मतदान 13 मे रोजी होते. त्याच्या साधारण दोन आठवडे आधी, इशाच्या नमाजनंतर भरणाऱ्या आमच्या साप्ताहिक दर्समध्ये एका तरुणाने मोबाइलवर एक चित्रफीत ऐकविली. केंद्रीय गृहमंत्री अमित शाह हे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण संपविण्याची घोषणा करीत आहेत, असे तीत ऐकू येत होते. मी ती एकदाच ऐकली आणि म्हणालो, "हे होणारच होते." इतकेच तीन शब्द. परंतु इमामाने बैठकीत मान डोलावली की तो शिक्का ठरतो. त्या रात्री ती चित्रफीत 'मौलानांनीही सांगितले आहे' या पुस्तीसह किती घरांत गेली, याचा हिशेब मला येथे मांडता येणार नाही. तो जेथे द्यावा लागणार आहे, तेथे मांडलेला असेलच.

दोन दिवसांनी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा असरनंतर थांबला. त्याने मूळ भाषण शोधून काढले होते. ते 23 एप्रिल 2023 रोजी तेलंगणातील चेवेल्ला येथील सभेत झाले होते. त्या भाषणात शाह यांनी तेलंगणातील मुस्लिमांचे आरक्षण घटनाबाह्य असल्याचे सांगून, आपले सरकार आल्यास ते संपवू आणि तो हक्क अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना देऊ, असे म्हटले होते. कोणी तरी मधले शब्द कापून उरलेले जोडले होते. तथ्यपडताळणी करणाऱ्या अनेक संस्थांनी तोपर्यंत मूळ आणि बनावट अशा दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी ठेवून हे दाखविले होते. दिल्ली पोलिसांनी गुन्हाही नोंदविला होता.

मूळ विधान आपल्या कानांना सुखावणारे नव्हते, हे उघड आहे. त्याचा प्रतिवाद करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. परंतु जे बोलले गेले त्याचा प्रतिवाद करणे वेगळे, आणि जे बोललेच गेले नाही ते त्या माणसाच्या तोंडी घालणे वेगळे. दुसऱ्याला आपल्या धर्मात बुहतान, म्हणजे खोटा आळ, असे नाव आहे. आणि आळ ज्याच्यावर घेतला तो आपला मित्र की विरोधक, यावरून त्याचे नाव बदलत नाही.

त्या मुलाला मी काय उत्तर दिले, हे शेवटी सांगतो. त्याआधी राजकीय भाषणांची तपासणी म्हणजे काय आणि तिच्यावर पक्षपाताचा आरोप का होतो, हे पाहू.

भाषणाची तपासणी कशी होते

त्याच निवडणुकीतील दुसरे उदाहरण घेऊ. 21 एप्रिल 2024 रोजी राजस्थानातील बांसवाडा येथील सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले की, काँग्रेसचे सरकार असताना देशाच्या संपत्तीवर पहिला अधिकार मुसलमानांचा असल्याचे सांगण्यात आले होते. रोख तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या भाषणाकडे होता. हे भाषण 9 डिसेंबर 2006 रोजी राष्ट्रीय विकास परिषदेपुढे झाले आणि त्याचा संपूर्ण इंग्रजी पाठ सरकारी दप्तरी उपलब्ध आहे. पडताळणी करणाऱ्यांनी तो पाठ काढला. त्यात शेती, सिंचन, आरोग्य, शिक्षण, ग्रामीण भागातील पायाभूत सोयी अशी प्राधान्याची क्षेत्रे सांगितली आहेत; त्यांच्या जोडीला अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला आणि मुले यांच्या उत्थानाचे कार्यक्रम आहेत. पुढे अनुसूचित जाती-जमातींच्या योजनांचा उल्लेख येतो, मग अल्पसंख्याकांचा, विशेषतः मुस्लिमांचा, विकासातील वाटा येतो. आणि लगेच पुढच्या वाक्यात साधनसंपत्तीवर 'त्यांचा' पहिला हक्क असला पाहिजे, असे म्हटले आहे.

मराठी घेऊन बी. ए. करताना व्याकरणाच्या तासाला आम्हांला विचारले जाई की, हे सर्वनाम कोणत्या नामासाठी आले आहे? येथे सगळा वाद त्या एका सर्वनामाचा आहे. 'त्यांचा' म्हणजे लगतच्या वाक्यातील मुस्लिमांचा, की वर सांगितलेल्या सर्व प्राधान्यक्रमांचा? हा प्रश्न 2006 सालीच उपस्थित झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी, 10 डिसेंबरला, पंतप्रधान कार्यालयाने खुलासा केला होता की, तो शब्द अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला, मुले आणि अल्पसंख्याक या सर्वांसह साऱ्या प्राधान्यक्रमांना उद्देशून आहे. म्हणून अनेक संस्थांनी बांसवाड्यातील विधान दिशाभूल करणारे ठरविले. भाजपच्या समर्थकांचे म्हणणे होते की, वाक्य मुस्लिमांच्या उल्लेखाला लागूनच येते, मग अर्थ दुसरा कसा?

प्रामाणिकपणे सांगायचे तर वाक्याची ठेवण सैल आहे. केवळ ते वाक्य वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. परंतु वक्त्याच्या कार्यालयाने चोवीस तासांच्या आत अर्थ स्पष्ट केल्यानंतर, सतरा वर्षांनी तेच वाक्य खुलाशाशिवाय पुन्हा सांगणे, हे श्रोत्याला पूर्ण माहिती देणे नव्हे. पडताळणीचा निष्कर्ष बरोबर आहे. मात्र आपण तो इतरांना सांगताना वाक्याच्या सैलपणाचीही कबुली दिली पाहिजे. ती कबुली गाळणे म्हणजे आपणही मधले शब्द कापणे होय.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. धुळे लोकसभा मतदारसंघात 2024 साली भाजपचे सुभाष भामरे हे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत आघाडीवर होते. सहाव्या, म्हणजे मालेगाव मध्य या क्षेत्रात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी मिळाली आणि त्या 3,831 मतांनी निवडून आल्या. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी देवेंद्र फडणवीस यांनी हे आकडे अनेक सभांत सांगितले आणि त्याला 'व्होट जिहाद' असे नाव दिले.

आता याची पडताळणी कशी करायची? आकडे तपासता येतात. निवडणूक आयोगाच्या नोंदीशी ते जुळतात. म्हणून 'आकडे खोटे आहेत' असे जो म्हणेल, तो चुकीचे बोलेल. परंतु 'व्होट जिहाद' हा आकडा नाही, ते त्या आकड्यांवर चिकटविलेले लेबल आहे. एका भागातील नागरिकांनी मोठ्या संख्येने एका उमेदवाराला मत दिले, ही घटना. ती कोणत्या नावाने ओळखायची, हे मत. घटना तपासली जाते, मताचा प्रतिवाद केला जातो. 'जिहाद' या कुरआनी शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याने तो प्रतिवाद अवश्य करावा. त्याबरोबर हेही सांगावे की, एप्रिल 2024मध्ये उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यात समाजवादी पक्षाच्या एका मुस्लिम महिला वक्त्यांनी हाच शब्दप्रयोग सभेत मतदारांना आवाहन करताना केला होता आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला होता. आपल्याकडच्या व्यासपीठावरून शब्द सैल सुटला, हे आपणच आधी सांगितले तर पुढच्या प्रतिवादाला वजन येते.

पक्षपाताची तक्रार

पडताळणी करणारे पक्षपाती असतात, ही तक्रार आपल्याच देशात आहे असे नाही. 10 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्यात दूरचित्रवाणीवर वादविवाद झाला. सूत्रसंचालकांनी ट्रम्प यांची विधाने तेथल्या तेथे अनेकदा दुरुस्त केली. ट्रम्प यांच्या समर्थकांनी तक्रार केली की हॅरिस यांना अशी वागणूक मिळाली नाही. पुढे 7 जानेवारी 2025 रोजी फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून पडताळणी करून घेण्याची पद्धत बंद करण्याची घोषणा केली. ती करताना कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी कारण दिले, ते पडताळणी करणारे राजकीयदृष्ट्या पक्षपाती असल्याचे.

भारतात 2017 साली प्रतीक सिन्हा आणि मोहम्मद जुबेर यांनी 'ऑल्ट न्यूज' सुरू केले. एका बाजूला ही संस्था सरकारविरोधी वाटते. आपल्या घरांत मात्र तिचे नाव आदराने घेतले जाते. जुबेर यांना 27 जून 2022 रोजी अटक झाली आणि 20 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, तेव्हा अनेकांना तो घरचाच प्रसंग वाटला. पण याच संस्थेने विरोधी पक्षांच्या नेत्यांचे खोटे दावेही उघडे पाडले आहेत. ते आपल्यापैकी किती जणांनी पुढे पाठविले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

पक्षपाताची तक्रार सरसकट खरी किंवा सरसकट खोटी म्हणून चालत नाही. तिचे तीन भाग करावेत. पहिला, निष्कर्ष चुकीचा आहे का? दुसरा, निष्कर्ष बरोबर असूनही निवड एकतर्फी आहे का, म्हणजे एकाच पक्षाची भाषणे तपासली जातात का? तिसरा, तपासलेल्या गोष्टीवर लावलेला शेरा पुराव्यापेक्षा जड आहे का? निवड एकतर्फी असेल तर तो दोषच आहे; परंतु त्यामुळे तपासलेले विधान खरे ठरत नाही. चोराने विचारले की 'शेजारच्या चोराला का पकडले नाही?', तर प्रश्न योग्य असला तरी त्याच्या हातातील माल त्याचा होत नाही. उलट, आपल्याला आवडलेला निष्कर्ष आहे एवढ्यावरून संस्था निष्पक्षही ठरत नाही.

या क्षेत्रातील लोकांनी स्वतःसाठी काही बंधने आखली आहेत. आंतरराष्ट्रीय तथ्यपडताळणी जाळे 2015 साली उभे राहिले आणि पुढच्या वर्षी त्याची आचारसंहिता आली. सर्व पक्षांना सारखी कसोटी लावणे, पुराव्याचे स्रोत उघड करणे, पैसा कोठून येतो हे सांगणे, पद्धत जाहीर करणे आणि चूक झाल्यास उघडपणे दुरुस्त करणे, ही तिची पाच तत्त्वे आहेत. भारतातील अनेक संस्था या संहितेशी बांधील आहेत. ती सगळ्या नेहमी पाळतात असे मुळीच नव्हे. पण हदीसशास्त्र शिकलेल्या माणसाला ही तत्त्वे वाचताना परक्या घरात आल्यासारखे वाटत नाही.

मुहद्दिसांचा मार्ग

ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेच मनुष्य खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच दिली आहे. या एका इशाऱ्यावर आपल्या विद्वानांनी एक संपूर्ण शास्त्र उभारले. कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी म्हणजे सनद. ती मध्येच तुटली तर रिवायत 'मुन्कतिअ'. कथन करणाऱ्याचे स्वतःचे शब्द मूळ वचनात मिसळले गेले तर ती 'मुदरज'. आज भ्रमणध्वनीवर 'जसे आले तसे पाठवीत आहे' म्हणून येणारा मजकूर पहिल्या प्रकारात बसतो आणि बातमीच्या आत गुपचूप शिरलेले मत दुसऱ्या प्रकारात.

या शास्त्राचा खरा कस पक्षपाताच्या प्रश्नावर लागला. इमाम बुखारी (रह.) यांचे गुरू अली इब्नुल मदीनी यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयी विचारण्यात आले, तेही हदीस सांगत असत. दुसऱ्या कोणाला विचारा, असे त्यांनी आधी सांगितले. लोकांनी आग्रह धरला तेव्हा खाली मान घालून त्यांनी उत्तर दिले की, हा दीनचा प्रश्न आहे, माझे वडील या बाबतीत कमजोर आहेत. दुसरीकडे, इमरान बिन हित्तान हा खारिजी पंथाचा; हजरत अली (रजि.) यांच्या मारेकऱ्याची स्तुती करणारे काव्य त्याच्या नावावर आहे. तरीही त्याच्याकडून आलेली रिवायत इमाम बुखारी यांनी आपल्या ग्रंथात घेतली. वडील आपले, पण स्मरण कच्चे, म्हणून नाकारले. मनुष्य विरोधी पंथाचा, पण कथनात खरा, म्हणून स्वीकारला.

याचा अर्थ असा नव्हे की त्यांनी कलाकडे डोळेझाक केली. भिन्न मताच्या कथनकाराविषयी अनेक मुहद्दिसांचा नियम असा की, तो खरा बोलणारा असेल तर त्याचे घ्यावे. मात्र जी रिवायत त्याच्याच मताला बळ देते, तेथे थांबावे. बातमी आणि बातमी देणाऱ्याचा फायदा एकाच दिशेला जात असतील तर पुराव्याची मागणी वाढवावी, हे त्यामागचे तत्त्व. वृत्तपत्र कोणाचे, वाहिनीला जाहिराती कोण देतो, पडताळणी संस्थेला देणगी कोठून येते, हे प्रश्न म्हणूनच विचारायचे असतात. त्या प्रश्नांनी बातमी खोटी ठरत नाही, फक्त पुराव्याची मागणी वाढते.

सहीह बुखारीतील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. रमजानच्या जकातीचे धान्य चोरण्यास तीन रात्री आलेल्याने सुटकेसाठी त्यांना शिकविले की, झोपताना आयतुल कुर्सी पढत जा. प्रेषितांनी (स.) ते ऐकून सांगितले की, तो आहे खोटारडा, पण ही गोष्ट मात्र त्याने खरी सांगितली; आणि तो सैतान होता. वक्त्याविषयीचे मत आणि वक्तव्याविषयीचा निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा याहून मोठा धडा कोणता?

आणि हे माप आपल्या मिंबरलाही लागू आहे. विद्या शोधण्यासाठी चीनला जावे लागले तरी जा, हे वाक्य हदीस म्हणून किती जलशांत ऐकविले जाते! मुहद्दिसांनी त्याची सनद कमजोर, काहींनी तर ते वचनच बनावट ठरविले आहे. अर्थ चांगला आहे म्हणून वचन खरे होत नाही. जो इमाम आपल्या बयानाची सनद तपासत नाही, त्याने राजकीय नेत्याकडे पुराव्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

स्वतःच्याच दाव्याचा काजी

पडताळणी कोणी करू नये, याविषयीही एक निकाल आपल्या राज्यातील आहे. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेला पडताळणी कक्ष ठरविणार, अशी ही तरतूद होती. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 31 जानेवारी 2024 रोजी खंडपीठात मतभेद झाला, न्या. गौतम पटेल यांनी तरतूद रद्द ठरविली, न्या. नीला गोखले यांनी वैध मानली. 20 मार्चला सरकारने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अखेर 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ही तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती रद्द झाली.

सरकारला खोट्या बातमीचे खंडन करण्याचा हक्क आहेच, आणि ते तसे करतेही. परंतु आपल्याविषयीच्या आरोपावर आपणच निकाल द्यायचा, हे न्यायात बसत नाही. काजीला स्वतःच्या दाव्यात निकाल देता येत नाही, हा फिक्हचा जुना नियम आहे. येथे आपण समाधानाने मान डोलावतो. पण हाच नियम घरी आणला की अवघड होतो. आपल्या समाजाविषयीच्या, आपल्या नेत्याविषयीच्या, आपल्या संघटनेविषयीच्या बातमीचा निकाल आपणही रोज स्वतःच देतो आणि साक्षीला कोणालाच बोलावीत नाही.

घेण्याचे माप आणि देण्याचे माप

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अल्लाह तआलाने अशा लोकांचा धिक्कार केला आहे, जे लोकांकडून घेताना माप भरून घेतात आणि त्यांना मोजून देताना घट करतात. जालन्याच्या मोंढ्यात माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला या आयतीची टीका समजावून सांगावी लागत नाही. काट्यावर त्याची नजर असते, कारण काटा किंचित मारला तरी वर्षाची मेहनत हलकी होते. पुराव्याचाही असाच एक काटा असतो. विरोधकाच्या विधानाला आपण पूर्ण पुरावा मागतो आणि आपल्या माणसाच्या विधानाला 'असेल तसे' म्हणून सोडतो, तेव्हा घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे होते. आपल्याविरुद्ध हेच होते, अशी आपली तक्रार आहे. आणि ती अनेकदा खरी आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला काटा मारण्याची परवानगी मिळते, असे मात्र कुरआनमध्ये कोठे नाही.

सूरह निसाच्या 135व्या आयतीत अल्लाहसाठी साक्ष देण्यास उभे राहण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध का जाईना. त्याच आयतीत साक्ष बिघडविण्याचे दोन मार्ग सांगून ताकीद दिली आहे : जीभ वळविणे आणि तोंड फिरविणे. चित्रफीत कापणे हे जीभ वळविणे. गैरसोयीच्या खुलाशाकडे न पाहणे हे तोंड फिरविणे. आणि सूरह माइदाच्या आठव्या आयतीत बजावले आहे की, एखाद्या समूहाचे वैर तुम्हांला न्यायापासून ढळवू नये.

आता त्या मुलाला दिलेले उत्तर. खरे सांगायचे तर पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. निवडणूक तोंडावर होती. लोक विसरून जातील असे वाटले. मग सूरह बकराची 160वी आयत आठवली. सत्य दडविणाऱ्यांच्या संदर्भात तेथे सांगितले आहे की, क्षमा त्यांना आहे ज्यांनी तौबा केली, स्वतःला सुधारले आणि उघड स्पष्ट केले. हे स्पष्ट करणेही तबय्युनच्याच धातूतून आले आहे. बोलण्यापूर्वीचे तबय्युन चुकले असेल तर बोलल्यानंतरचे बयान टळत नाही.

पुढच्या दर्समध्ये मी दोन्ही चित्रफिती ऐकविल्या आणि सांगितले की, मागच्या आठवड्यातील माझे म्हणणे चुकीचे होते. ज्या ज्या गटात चित्रफीत पाठविली, त्या त्या गटात हे पाठवा, अशी विनंती केली. एक वयोवृद्ध हाजीसाहेब म्हणाले, "मौलाना, ते रोज आपल्याविषयी खोटे बोलतात. त्यांची बाजू साफ करण्याचे काम आपल्याकडे कोठून आले?" मी म्हणालो, "हाजीसाहेब, त्यांची बाजू साफ करीत नाही, माझी जीभ साफ करतो आहे." त्यांचे समाधान झाले, असे म्हणता येणार नाही. दुरुस्ती किती जणांनी पुढे पाठविली, तेही मला ठाऊक नाही. खोट्याला जेवढे पाय असतात तेवढे दुरुस्तीला नसतात. पण उद्या आपल्याच कोणाचे शब्द कापून कोणी चित्रफीत फिरविली, तर मूळ भाषण ऐका असे सांगण्याचे तोंड आपल्याला हवे. आणि समजा तसा दिवस कधी आला नाही, तरी साक्ष अल्लाहसाठी होती. तिचा मोबदला गटातून येणार नव्हता.

घरासाठी चार गोष्टी

हा धडा घरी वाचला जाईल, म्हणून चार गोष्टी मुलांना सांगून ठेवाव्यात.

1. भाषणाचा तुकडा आला तर मूळ भाषण, तारीख आणि ठिकाण शोधावे. ते सापडेपर्यंत पुढे पाठवू नये. न पाठविल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

2. घटना आणि मत वेगळे करावे. आकडे असतील तर निवडणूक आयोग, जनगणना, विधिमंडळ किंवा न्यायालय यांच्या मूळ नोंदीशी ताडून पाहावेत.

3. पडताळणी वाचताना शेरा शेवटी वाचावा, पुरावा आधी. एकाच संस्थेवर न थांबता, आपल्याला न आवडणाऱ्या एका ठिकाणीही पाहावे.

4. जी बातमी ऐकून आनंद होतो किंवा राग येतो, तिला दुप्पट तपासावे. आपला फायदा आणि बातमी एकाच दिशेला जात आहेत, याची ती खूण असते.

हे अल्लाह, आम्हांला सत्य सत्य म्हणून दाखव आणि त्यामागे चालण्याचे बळ दे. असत्य असत्य म्हणून दाखव आणि त्यापासून दूर राहण्याचे बळ दे. आमच्या जिभांना वळण्यापासून आणि आमच्या तोंडांना फिरण्यापासून वाचव, आणि आमचे घेण्याचे व देण्याचे माप एक कर. आमीन.